टाकीताईचे सहा पडदे

टाकीताईचं डोकं फिरवायला एवढंच म्हणायचं : "ताई, कॉम्प्युटर बंद पडलाय."

कारण तो कधी बंद पडलेला नसायचाच. तो बंद केलेला असायचा.

पंपघरात तीन पाळ्या. सकाळी टाकीताई, दुपारी बाबू आणि तिसऱ्या पाळीला मामा. नदीचं पाणी पंपानं वर ओढायचं, गाळायचं आणि गावाच्या चार टाक्यांमध्ये पाळीपाळीनं सोडायचं, हे काम. कुठली टाकी कधी भरायची, कुठली झडप कधी उघडायची, हे सांगणारा एक जुना कॉम्प्युटर कोपऱ्यातल्या लोखंडी टेबलावर बसलेला. त्याला माऊस नाही, चित्रं नाहीत, नुसता काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. युनिक्स नावाच्या जुन्या प्रणालीच्या घराण्यातलं काहीतरी त्याच्या पोटात होतं, आणि ते घराणं म्हणजे खाष्ट सासू. विचारल्याशिवाय बोलायची नाही, आणि चुकीचं विचारलं तर एका ओळीत पाणउतारा करायची.

पडदा दिसायला एक, पण आत होते सहा. ऑल्टचं बटण दाबून धरायचं आणि वरच्या ओळीतलं एफ-वन दाबायचं, की पहिला पडदा. एफ-टू दाबलं की दुसरा. पहिल्यावर पंपांचा प्रोग्राम चालायचा, दुसऱ्यावर टाक्यांच्या पातळ्या, तिसऱ्यावर ताई काही दुरुस्ती असली तर करायची. उरलेले तीन पडदे 'लॉगिन' एवढा एक शब्द कपाळावर घेऊन रिकामे उभे. घराला खिडकी एक आणि मागं खोल्या सहा, असं समजा. खिडकीतून स्वयंपाकघर दिसतंय म्हणून झोपायची खोली पाडली असं होत नाही. ती तिथंच असते, आणि आतलं माणूस आपलं काम करत असतं.

हे ताईनं बाबूला आणि मामांना किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. ऐकताना दोघंही मान अशी डोलवायचे की वाटावं, आता काही विचारूच नये. आणि मग चहाचा पेला ठेवताना कुणाचं तरी कोपर कीबोर्डावर पडायचं, भलताच पडदा पुढं यायचा, त्यावर 'लॉगिन' लिहिलेलं दिसायचं, आणि "गेला! प्रोग्राम गेला!" म्हणून ओरडत कुणीतरी कॉम्प्युटरच्या डब्यावरचं चालू-बंदचं मोठं बटण दाबून धरायचं. मग मात्र प्रोग्राम खरंच जायचा. परत उठायचा तो सगळं विसरून. कुठली टाकी भरली, कुठली रिकामी, पुढची पाळी कुणाची, काही म्हणता काही आठवायचं नाही त्याला. ते सगळं पुन्हा सांगायला टाकीताईच लागायची. तोवर चढावरच्या वस्तीचे नळ कोरडे पडायचे. वस्ती साहेबांना फोन करायची, साहेब ताईला, आणि ताई तोंडातला घास तसाच ठेवून पायात चपला सरकवायची.

"तुझं लग्न कुणाशी झालंय?" नवरा विचारायचा.

"तुमच्याशी. पण तुम्ही निदान सारखे बंद पडत नाही," ताई जिन्यावरून म्हणायची.

हे असं वर्षानुवर्षं चाललं असतं. पण ताईच्या लेकीचे दिवस भरत आले.

लेक लांब, गाडीनं दिवसभराच्या वाटेवर. मागच्या खेपेला पाचव्या महिन्यातच सगळं संपलं होतं. त्या दिवशी जावई फोनवर फोन करत होते आणि ताई पंपघरात टेबलाखाली वाकून तारा तपासत होती. लेक त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर ताईला बरं वाटलं असतं. या खेपेला लेकीनं एवढंच विचारलं होतं : "आई, येशील ना?" आणि ताई "येणार म्हणजे येणारच" असं इतक्या जोरात म्हणाली होती की शेजारीण दार उघडून बघायला आली.

ताई रजा मागायला गेली, तर साहेब खुर्चीत रेलून हसले.

"जा की ताई, कोण अडवतंय? फक्त हे यंत्र तुमच्याशिवाय चालतं एवढं मला दाखवा. परवाच दोन वस्त्यांना पाणी नव्हतं."

"ते यंत्रामुळं नाही साहेब. माणसांमुळं."

"मग माणसांशिवाय चालवून दाखवा," साहेब म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन फोन उचलला.

ताई दात-ओठ खात परतली. ठरवलं, आता पाळी संपल्यावरही थांबायचं आणि ही माणसं करतात तरी काय ते डोळ्यांनी बघायचं.

दुपारी बाबू आला. बाबू मूळचा मुख्य कचेरीतला, जन्मभर पत्रं टाइप केलेला, कुणाची तरी मर्जी फिरली म्हणून पंपघरात येऊन पडलेला. कामाला चोख. खुर्ची पुसली, चष्मा पुसला, पातळ्या नीट वाचल्या आणि डाव्या हाताची दोन बोटं अशी सहज खाली टेकवली. कंट्रोल आणि एस.

पडदा जागच्या जागी गोठला.

"हे काय केलंत?" ताई मागून म्हणाली.

बाबू दचकला. "सेव्ह केलं."

"काय सेव्ह केलं?"

"जे काय आहे ते. पातळ्या, पंप, सगळंच. काम झालं की सेव्ह करावं ताई, चांगली सवय असते."

"रोज करता?"

"दर वेळी!" बाबू अभिमानानं म्हणाला. "फक्त तुमचा हा डबा फार हँग होतो. मग नाइलाजानं बटण दाबावं लागतं."

ताईनं कपाळाला हात लावला आणि समजावून सांगितलं. कचेरीतल्या यंत्राला कंट्रोल-एस म्हणजे 'जपून ठेव'. या घराण्यात त्याचा अर्थ 'थांब, हलू नकोस'. पडद्याला थांब म्हटलं की तो थांबतो, आणि त्यावर लिहिणारा प्रोग्राम थोड्या वेळानं हाताची घडी घालून वाट बघत बसतो, कंट्रोल-क्यू दाबून कुणी 'चल' म्हणेपर्यंत. तिकडं टाकी उतू जावो नाहीतर कोरडी पडो. म्हणजे गेले कितीतरी महिने हा गृहस्थ रोज इमानेइतबारे पाणी सेव्ह करत होता!

"अहो, मग मला सांगायचं तरी!" बाबू रागावला.

"तुम्ही असं काही करत असाल हे मला स्वप्नात दिसणार होतं का?"

मामांची तऱ्हा निराळी. थोडा वेळ कुणी हात लावला नाही की पडदा आपोआप काळा व्हायचा, विश्रांतीला. कुठलंही बटण दाबलं की जागा व्हायचा. मामांनी दाबलेलं कुठलंही बटण म्हणजे नेमकं तेच मोठं बटण. "त्यावर दिवा आहे, बाकीच्यांवर नाही," मामांनी खुलासा केला. त्यावर काय बोलायचं?

ताई कामाला लागली. यंत्र सुरू होताना ज्या ओळी वाचतं, त्यात तिनं ओळी घातल्या. कंट्रोल-एसनं पडदा थांबणार नाही, ही एक. पडदा आपोआप काळा होणार नाही, ही दुसरी. पहिल्या पडद्यावर पंपांचा प्रोग्राम आपोआप सुरू व्हावा, दुसऱ्यावर पातळ्या. प्रत्येक पडद्याच्या माथ्यावर त्याचं नावही घालायचं होतं, पण मराठीत लिहिलं तर नुसते चौकोन उमटायचे. मग इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. मामा ते एकेक अक्षर जोडून वाचायचे आणि वाचून झाल्यावर दाद द्यायचे.

एवढ्यावर थांबली असती तर ती टाकीताई कसली! राग डोक्यात भिनलेला. पडदे सहा आहेत म्हणून ही माणसं हरवतात ना? ठेवतच नाही. तिनं तीनपासून सहापर्यंतच्या चारही पडद्यांचं लॉगिन बंद करून टाकलं, यंत्र एकदा नव्यानं सुरू केलं, सगळ्या टाक्यांचे आकडे पुन्हा भरले आणि हात झटकले.

"झकास," मामा म्हणाले. "आता दोनच खोल्या. म्हातारा माणूस हरवत नाही."

पुढचे दोन दिवस कुणी ओरडलं नाही. ताईनं घरी बॅग काढली, झटकली, उन्हात ठेवली.

तिसऱ्या दिवशी पाळी बदलताना दुसऱ्या पडद्यावर पातळ्या उलट्यासुलट्या दिसायला लागल्या. भरलेली टाकी रिकामी आणि रिकामी भरलेली. ताईची स्वतःचीच एक ओळ चुकली होती, मिनिटाभराचं काम. तिनं सवयीनं ऑल्ट दाबलं, एफ-थ्री दाबलं. काळोख. एफ-फोर. काळोख. पाच, सहा, काळोख. दार बंद करावं, ते विटांनी बुजवावं, आणि मग आठवावं की आपण बाहेर उभ्या आहोत, तशी गत.

बाबू हळूच येऊन मागं उभा राहिला. मामाही रात्रीच्या डब्याची पिशवी ठेवायला आले होते, तेही उभे राहिले.

"ताई, बंद पडला का?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही."

"हँग झाला असेल," बाबू मायेनं म्हणाला. "बटण दाबू?"

ताईनं त्याच्याकडं असं पाहिलं की बाबू एक पाऊल मागं सरला. पण दुसरा इलाजच नव्हता. पंपघरात आजवर जिनं त्या बटणावरून दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तिनं दोघांच्या देखत ते बटण दाबलं आणि दाबून धरलं. कुणी हसलं नाही. मामांनी तर छताकडं बघितलं, म्हणजे जास्तच झोंबलं.

मग यंत्र उठताना मधेच अडवून, दुरुस्तीच्या वाटेनं आत शिरून तिनं चुकलेली ओळ सुधारली आणि सहाव्या पडद्याचं लॉगिन पुन्हा उघडलं. प्रोग्राम उठला तो नेहमीसारखा कोरा. ताई मान खाली घालून एकेका टाकीचा आकडा पुन्हा भरायला लागली.

"हे सगळं तुम्हाला पाठ आहे?" मामांनी विचारलं.

"मग? इतकी वर्षं कोण भरतंय?"

"तेच म्हणतो. तुमच्या डोक्यात आहे ते. आम्ही कुठून आणायचं? कधी सांगितलंत?"

"कधी विचारलंत?"

"विचारलं की तुम्ही खेकसता," मामा शांतपणे म्हणाले आणि पिशवी खुंटीला अडकवली.

ताईनं पुढचा आकडा जरा जोरातच बडवला. त्यात बाबूनं तोंड घातलं.

"आमच्या कचेरीत कसं, जिथं सोडलं तिथूनच उघडायचं. म्हणून तर मी सेव्ह करत होतो. मला वाटलं, मशीन बंद पडलं तरी निदान आकडे राहतील."

ताई गर्रकन वळली. कारण बाबू चुकीची बटणं दाबत होता, पण मागत होता ते अगदी बरोबर होतं. प्रोग्राम विसरतो, म्हणून बटण वाईट. विसरलाच नाही, तर बटणानं काय बिघडणार होतं? इतकी वर्षं ती लोकांचे हात अडवत बसली होती.

"बाबू," ती म्हणाली, "तुम्ही हे आधी बोलला असता तर माझी निम्मी भांडणं वाचली असती."

"आधी बोललो असतो तर तुम्ही खेकसला असता."

तिनं दोन दिवस त्यावरच घातले. टाकीची पातळी बदलली, झडप फिरली, की प्रोग्रामनं ते लगेच लिहून ठेवायचं, आणि उठला की आधी तेच वाचायचं. पहिल्यांदा वाचलंच नाही. दुसऱ्यांदा आदल्या दिवशीचं वाचलं. ताई यंत्राशी एवढं भांडली की मामा बाहेर जाऊन बसले. तिसऱ्यांदा जमलं.

ताईनं बोलावल्यावर साहेब आले. ताई म्हणाली, "बाबू, दाबा."

"काय?"

"बटण."

"नको ताई. तुम्ही ओरडाल."

"नाही ओरडणार. दाबा."

"आत्ता ओरडलातच ना!"

शेवटी बाबूनं डोळे मिटून दाबलं. पडदा काळा झाला. मग पांढऱ्या ओळी सरसर धावल्या, आणि पहिल्या पडद्यावर पंपांचा प्रोग्राम उभा राहिला. बाबूनं स्वतःच ऑल्ट-एफ-टू दाबलं. पातळ्या जिथल्या तिथं, तिसरी टाकी अर्धी, पुढची पाळी चढावरच्या वस्तीची.

"हं," साहेब म्हणाले. खिशातून पेन निघालं, आणि तिथंच थांबलं. "ताई, तेवढं दोन आठवडे पुढं ढकलता येईल का? वरून पाहणीला येतायत. तुम्ही असलात की जरा..."

"साहेब," ताई म्हणाली, "पोटातलं बाळ पाहणीची वाट बघत नाही. यंत्र तुम्ही म्हणालात तसं चालवून दाखवलं. आता ते बंद पडू दे, जळू दे, उद्या नदीत वाहून जाऊ दे. बाबू बटण दाबतील, मामा दाबतील, तुम्हीसुद्धा दाबा, हौस असेल तर. मी संध्याकाळच्या गाडीनं चाललेय."

साहेबांनी रजेच्या अर्जावर सही केली. मामा हळूच म्हणाले, "खेकसणं कधीतरी कामाला येतं."

ताई पोचली तेव्हा लेकीला दवाखान्यात नेलेलं होतं. जावई दवाखान्याच्या दारातच भेटले, त्यांनी आत बोट दाखवलं. लेक कुशीवर वळून पडली होती, केस घामानं कपाळाला चिकटलेले. तिनं मान वळवून पाहिलं.

"मला वाटलं, परत काहीतरी बंद पडलं असेल," ती म्हणाली.

"अगं, आता नाही पडत. मी असं केलंय, की तो बाबू आहे ना, त्यानं बटण दाबलं तरी..."

"आई, पाठ दाब."

ताईनं बॅग खाली टाकली, बाही वर सारली आणि पाठीवर हात ठेवला.

"तिथं नाही. खाली."

"इथं?"

"आणखी खाली. डावीकडं. आई, माझी डावी!" लेक कळवळून ओरडली. "एक गोष्ट किती वेळा सांगायची गं?"

"सांग," ताई म्हणाली आणि पलंगाच्या कडेला नीट टेकली. "पुन्हा सांग."