आफ्रिकेच्या आगबोटीपर्यंत होडी

माझा सासरा कुणावरच विश्वास ठेवायचा नाही. पोशेऱ्याकडच्या आमच्या पाड्यावर हे सगळ्यांना ठाऊक होतं. भात कांडायला दिलं तर तो उखळ-मुसळापाशी बसून राहायचा. खोडाळ्याच्या बाजारात मीठ घेतलं तर दुकानातच चाखायचा. आणि घाटातून गाडी ठरवली की आधी गाडीवानाचा कोयता मागून घ्यायचा आणि स्वतःच्या कमरेला खोचायचा. मुक्कामाला पोचलो की परत. वाटेत रानात टाकून पळाला तर? कोयता सोडून कोण पळतो! आमच्याकडे बरेच जण असं गहाण घ्यायचे, पण सासऱ्याइतकं कसून कुणी घेत नसे.

त्या साली भात झोडून झालं आणि माझा माणूस कुपावर गेला, म्हणजे जंगलात लाकूडतोडीला. निदान मला तसंच सांगितलं होतं. पंधरवड्याने खोडाळ्याच्या बाजारात एक बाई भेटली. तिचा पोरगा आफ्रिकेत रेल्वेच्या कामाला निघाला होता, त्याला ती वाटेला लावून आली होती. मला म्हणाली, "तुझा माणूस पण त्याच मुकादमासंगं हाय की. शुक्रवारी आगबोट सुटंल. तुला ठावं नाय?"

मला कुठलं ठावं! माझ्या हातातली टोपली खाली पडली. माझ्या मनात एकच आलं, याला फसवून नेलं. त्या दिवसांत असल्या गोष्टी फार ऐकू यायच्या, दारू पाजतात, अंगठा उठवून घेतात आणि माणूस शुद्धीवर येतो तेव्हा चारी बाजूंना पाणी. धावतच घरी आले आणि सासऱ्याला म्हटलं, "मामा, उठा. मुंबईला चला. त्याला उतरवून आणू."

सासरा म्हणाला, "बघू सकाळी."

"सकाळी नाय, आत्ता."

"बैल लंगडतोय."

"मग चालत चला. नायतर मी एकली जाते."

एकटी सून मुंबईला गेली तर पाड्यावर तोंड दाखवायला जागा राहिली नसती, म्हणून तो उठला. जव्हारवरून खाली उतरून रेल्वे गाठेपर्यंत त्याने दर मुक्कामाला एक खोट काढली. ही वाट नको, हा गाडीवान नको, त्या धर्मशाळेत चोर असतात. मी दात-ओठ खात होते. पोटचा पोरगा समुद्रापार चाललाय आणि म्हातारा गाडीवानाचं तोंड बघून शकुन पाहतोय!

शुक्रवारी सकाळी धक्क्यावर पोचलो. एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्या नद्या कशा, डोंगरावरून उतरतात आणि मुकाट खाली जातात. हे पाणी एका जागी उभं राहून श्वास घेत होतं. मला ते बिलकूल पसंत पडलं नाही. आगबोटी धक्क्यापासून लांब नांगरलेल्या, त्यांच्यापर्यंत जायला होड्या भाड्याने करायच्या. होडीवाले आमच्यावर तुटून पडले.

पहिल्याला सासऱ्याने नाकारलं, तो फार गोड बोलतो म्हणून. दुसऱ्याला नाकारलं, तो बोलतच नाही म्हणून. तिसऱ्याची होडी नवीकोरी होती, "एवढी नवी कशी परवडली याला?" म्हणून ती पण गेली. खरं सांगते, मलाही ते सगळे चोरच वाटत होते. मुकादमाचे हस्तक असतील, मधेच पाण्यात थांबवून लुटतील, असं काय काय मनात येत होतं. पण माझं लक्ष आगबोटीच्या धुराकडे. शेवटी एक उन्हाने रापलेला, मध्यम वयाचा होडीवाला पुढे आला.

"कंचे बोटीवर जायचा हाय, बाय?"

"आफ्रिकेच्या."

"मग बसा बेगीन. दुपारच्या आत नांगर उचलंल ती."

सासरा जागचा हलेना. "आधी गहाण टाक."

"काय टाकू?"

"गहाण. तुझी वस्तू माझ्याकडं राहू दे. उतरलो की परत."

होडीवाल्याने कमरेची सुरी काढून दिली. सासरा म्हणाला, सुरी नको, सुरी काय दुसरी मिळेल, एक वल्हं दे. होडीवाला हसायलाच लागला. "आजोबा, वल्हं तुला दिला तर मी काय हातान् पानी कापू?" बघे जमले. आमच्या डोंगरातली रीत तिथे धक्क्यावर तमाशा झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी पाणी उपसायचं पत्र्याचं डबडं सासऱ्याच्या हाती पडलं. ते पोटाशी धरून तो होडीत बसला.

होडी सुटली आणि मला धडकीच भरली. आगबोट समोर उजवीकडे दिसत होती आणि हा डावीकडे वल्हवत निघाला! मी ओरडले, "अरे, कुठं नेतोस? बोट तिकडं हाय!"

"ठावं हाय, बाय. पानी वडतंय."

पाणी ओढतंय म्हणे! मला वाटलं, झालं, फसलो. मी त्याच्या सुरीवर नजर ठेवून बसले. एवढ्यात पायांना गार लागलं. होडीच्या तळाला पाणी चढत होतं.

"आजोबा, डबडा दे, पानी उपसायला लागंल," होडीवाला म्हणाला.

सासरा म्हणाला, "उतरल्याशिवाय मिळायचं नाय. गहाण म्हणजे गहाण."

होडीवाल्याने वल्ही सोडली आणि ओंजळीने पाणी उपसायला लागला. होडी जागच्या जागी डुलायला लागली. तिकडे आगबोटीच्या धुराड्यातून काळा धूर दाट व्हायला लागला. मग माझं डोकं फिरलं. मी सासऱ्याच्या हातातून डबडं हिसकावलं. सुनेने सासऱ्याच्या हातातली वस्तू ओढून घ्यायची, हे आमच्याकडे ऐकून पण कुणी कानावर हात ठेवील. "तू मार वल्ही," मी होडीवाल्याला म्हटलं आणि पदर खोचून पाणी उपसायला बसले. एवढं होऊनही सासरा मला ओरडला नाही, तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं.

डावीकडून वळसा घेत, पाण्याच्या ओढीबरोबर होडी थेट आगबोटीच्या पोटाशी लागली. वर भिंतीएवढा उंच लोखंडी काठ, आणि कठड्याला माणसंच माणसं. त्यात माझा माणूस कसा सापडणार? मी म्हटलं, "मामा, हाक मारा त्याला."

नवऱ्याचं नाव मी कसं घेणार? लग्न झाल्यापासून ते माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. रानात गेला तरी मी 'ओ' नाहीतर 'ऐकलं का' एवढंच म्हणायची. आता हाक मारणारा एकच माणूस होता आणि तो गुडघ्यात मान घालून बसला होता.

"मामा, हाक मारा ना!"

त्याने मान आणखी खाली घातली.

तेव्हा मला एकेक आठवायला लागलं. लंगडा बैल, धर्मशाळेतले चोर, गोड बोलणारा होडीवाला, डबडं. हा कुणावर संशय घेत नव्हता. हा वेळ काढत होता.

मी उभी राहिले आणि नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारली. एकदा नाही, घसा फुटेपर्यंत. वरची सगळी माणसं खाली बघायला लागली. त्यातून तो पुढे आला. दारू प्यायलेला नव्हता, बांधलेला नव्हता. नवीन बंडी घातलेली होती. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"बा," तो वरून ओरडला, "हिला कशाला आणलंस? बोट सुटल्यावर सांगायचं ठरलं होतं ना आपलं?"

सासऱ्याने मान वर केली नाही. मीच ओरडले, "मला का नाय सांगितलंस?"

"तू जाऊ दिलं नसतंस!"

"नसतंच दिलं!" माझा आवाज चिरकला. "पण भांडून तरी गेला असतास!"

तो कठड्यावर वाकला. तोंड हलत होतं त्याचं, पण तेवढ्यात नांगराची साखळी खडखडायला लागली आणि मला एक अक्षर ऐकू आलं नाही. होडीवाल्याने वल्ही मारून होडी लांब नेली, नाहीतर उलटली असती.

"काय म्हणाला तो?" मी सासऱ्याला विचारलं.

"लवकर येतो म्हणाला."

मी सासऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. मग होडीवाल्याकडे वळले. तो माझ्यापेक्षा कठड्याच्या जवळ होता, मघाशी त्याने मान वर करून ऐकलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"तू सांग," मी म्हटलं. "खरं सांग. काय म्हणाला?"

त्याने पायाजवळचं डबडं उचललं, सासऱ्याच्या हातात दिलं आणि वल्ही धरली.

"आजोबा बोलला तसाच बोलला, बाय," तो म्हणाला, आणि धक्का येईपर्यंत त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.