चौथा उद्गार आणि विहिरीचं कुलूप

मला बायबलातली स्तोत्रं आवडत नसत, स्पष्टच सांगतो. आधी रडगाणं, मग देवाची वाहवा, मग पुन्हा रडगाणं. शुभवर्तमान, म्हणजे येशूची गोष्ट, कसं हँडबिलासारखं सरळ: अन्याय कोणाचा, बाजू कोणाची, करायचं काय. भवानी पेठेतल्या आमच्या तरुण मंडळाची पत्रकं मीच लिहायचो आणि गिरणीच्या फाटकावर वाटायचो. पहिल्या ओळीत माणूस पकडायचा, एवढंच मला शिकवलं होतं.

दुष्काळाचा उन्हाळा. चर्चमागच्या माळावर खडी फोडायला आलेल्या कुटुंबांची पालं पडली होती आणि आमच्या आवारातल्या विहिरीला कुलूप! किल्ली चर्चचा कारभार बघणाऱ्या थोरल्या पंचांच्या कोटात. "तळ दिसतोय. आपल्या लेकरांनी काय प्यायचं?" हा त्यांचा मुद्दा. फाटकाबाहेर पालांतल्या बायका घागरी घेऊन उभ्या, आणि आत आम्ही प्रीतीवर प्रवचन ऐकतोय. माझं डोकंच फिरलं.

गुड फ्रायडेला आमच्याकडे ख्रिस्तानं वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाळकसाहेबांनी मला चौथा दिला. देवानं आपल्याला का सोडलं, असं ख्रिस्त विचारतो तो. ती मुळात बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ. मी ठरवलं, ओळ वाचायची, थांबायचं, थोरल्या पंचांकडे बघायचं आणि खिशातलं विहिरीवरचं भाषण काढायचं.

"भांडायला चाललायस का प्रार्थनेला?" आईनं विचारलं.

"दोन्हीला."

ओळ वाचली. थांबलो. पण आमच्या मंडळीला सवय अशी, की स्तोत्र निघालं की एक वचन वाचणाऱ्यानं म्हणायचं, पुढचं सगळ्यांनी. पानं फडफडली, दुसरं वचन धडाक्यात म्हणून झालं, आणि तिसऱ्यासाठी सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. माझा हात खिशातल्या भाषणावर. बायकांच्या बाजूनं आईचा आवाज आला, "वाच की पुढं!"

वाचलं. काय करणार? पंधराव्या वचनात तहानेनं जीभ टाळूला चिकटते. ते माझ्या वाट्याला आलं. वधस्तंभावरचा तो आणि फाटकाबाहेरची बाई, दोघं एकदम डोळ्यांपुढं उभे राहिले. विसाव्या वचनापुढं मात्र स्तोत्राचा सूर पालटला. हाक ऐकली गेली होती! सव्विसावं वचन मंडळीचं. थोरले पंच नेहमी सगळ्यांच्या अर्धा शब्द पुढं असतात. गरीब पोटभर जेवतील, ही गोष्ट त्यांच्याच आवाजात सगळ्यांच्या आधी ऐकू आली. मंडळीच्या पुढच्या वचनाला, अठ्ठाविसाव्याला, तो आवाज नव्हताच. मंडळीचा ताल चुकला.

स्तोत्र संपलं आणि पाळकसाहेबांनी घड्याळ दाखवलं. भाषण खिशातच राहिलं. चरफडत बसलो, आणि बसल्या बसल्या उमगलं. वधस्तंभावर त्याला दम होता एका ओळीपुरता. तेवढी त्यानं म्हटली. पुढचं वचन मंडळीचं. त्या रडगाण्याच्या पोटात जेवणाची पंगत होती, आणि मी पहिल्या ओळीवरच थांबणार होतो.

बाहेर थोरल्या पंचांनी गाठलं. "काय पुढारी, मुद्दाम केलंस?"

"नाही काका. मी तुम्हाला शिव्या घालणार होतो."

"मग वाचत का सुटलास?"

"आईनं सांगितलं."

ते हसले नाहीत. कोटात हात घालून किल्ली काढली. "सकाळ-संध्याकाळ उघडायची. माणशी एक घागर. आणि रहाट तू ओढायचास, समजलं? पत्रकं वाटून हाताला घट्टे पडत नाहीत."

"आजपासूनच?"

"नाहीतर काय, परवा ईस्टरला?"

घट्टे पडले. पहिल्या संध्याकाळी घागर पुढं करत एका बाईनं विचारलं, "आत एवढा येळ काय म्हनत व्हता रं तुमी?"

"एका माणसाचं गाऱ्हाणं. सगळ्यांनी सोडलेला, तहानेला. शेवटी गरीब पोटभर जेवतात."

"लई चांगलं हाय की," ती म्हणाली. "पर आदी पानी. वड!"