घसा बसला ते वर्ष

मला गाणं आवडत नाही. सगळा संसार गवयाच्या घरात केला तरी आवडलं नाही. मी नांदगावची, चौथी शिकलेली. लग्न होऊन नाशकात आले तेव्हा यजमानांनी मला तंबोरा लावायला शिकवलं. मागे बसायला रोज माणूस कुठून आणणार, म्हणून बायकोला बसवलं. तारा जुळल्या की नाही एवढं मला कळतं. बाकी मी भाजी काय करायची याचा विचार करत बसायचे.

द्वारका चौकाजवळ आमच्या दोन खोल्या होत्या. दिवसा ते शाळेत संगीत शिकवायचे, संध्याकाळी घरी शिकवण्या. नवरात्रात चांदवडला आणि रामनवमीला पंचवटीतल्या एका देवळात त्यांचं गाणं ठरलेलं असायचं. नव्वदनंतर बाकीची बोलावणी आटली. लोकांना ऑर्केस्ट्रा हवा होता. त्यांनी रियाज वाढवला. तोंडात तंबाखूचं पान असायचंच.

नोकरीतून निवृत्त झाले आणि पुढच्या हिवाळ्यात घसा बसला. सर्दी म्हणून काढा दिला. महिना गेला तरी सुटेना. मला काळजी वाटायला लागली आणि हे खुशीत!

त्याचं कारण त्यांचे गुरू. त्यांचा आवाज म्हणे तरुणपणी गेला होता. त्यांनी वर्षभर पहाटे नुसता खर्ज लावला, म्हणजे अगदी खालचे सूर, आणि आवाज परत आला तो दुप्पट भरदार होऊन. ही गोष्ट त्यांचे सगळे शिष्य देवाच्या कथेसारखी सांगायचे. त्यामुळे घसा बसला की या लोकांना वाटतं, आता आवाज तयार होतोय. यांनी पहाटेचा खर्ज एका तासावरून दोन तासांवर नेला.

"अहो, डॉक्टरला दाखवा," मी म्हटलं.

"बसलेल्या घशाला डॉक्टर? उद्या मला शिंक आली तर तू ॲम्ब्युलन्स बोलावशील."

"शिंकेला मी तारा उतरवत नाही. संक्रांतीपासून दोनदा उतरवल्या."

"चौथी पास बाई, घशातलं तुला काय कळतं?"

"घशातलं नाही कळत. तंबोरा खाली आला ते कळतं."

त्यांची गायची पट्टी पेटीवरची काळी दोन होती. ती पांढरी दोनवर आली, मग काळी एकवर. पेटीच्या साथीला त्यांचा जुना शिष्य असायचा, बँकेत नोकरी करणारा, दोन पोरांचा बाप. तो मुकाट्याने खालची पट्टी धरायचा. मी त्याला स्वयंपाकघरात गाठून म्हटलं, "तू तरी सांग त्यांना."

त्याने कानाला हात लावला. "काकू, गुरुजींना मी कसं सांगू? आणि त्यांच्या गुरुजींचंही असंच झालं होतं ना."

"ते माणूस वेगळं, हे वेगळं. तुझ्या पोराचा घसा असा बसला तर खर्ज लावायला बसवशील का?"

तो चहा पिऊन गेला.

रामनवमीला ते देवळात गायला बसले. मोठा ख्याल कसाबसा झाला. पुढे वरच्या सुरांत जायला गेले तर आवाजच निघाला नाही, नुसता वारा आला. शिष्याने पेटीवर ती जागा भरून काढली. लोकांनी माना डोलावल्या. त्यांना वाटलं, बुवा मुद्दाम थांबले. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच डॉक्टरकडे चला म्हणाले.

डॉक्टरने नळी घालून पाहिलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. "सुरुवातीला आला असतात तर नुसत्या रेडिएशनच्या शेकावर भागलं असतं. आता स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही."

"मग जगून करू काय?" यांनी विचारलं.

"जेवा, झोपा, भांडा माझ्याशी," मी म्हटलं. "बाकीची माणसं काय करतात?"

ते हसले नाहीत. ऑपरेशनला नाही म्हणाले. डॉक्टरने समजावलं, शिष्य रडला, मी आठवडाभर बोलले नाही. कशाचा काही उपयोग झाला नाही. शेक तेवढे घेतले. पहाटे उठून बसायचे, घशातून खरखर काढायचे आणि मला विचारायचे, "आज थोडा मोकळा वाटतो ना?" मी नाही म्हणायचे.

जूनमध्ये श्वास कोंडला. मोठ्या दवाखान्यात नेलं. जीव वाचवायला गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागली. ज्या आवाजासाठी हट्ट केला, तो तसाही गेला.

घरी आल्यावर त्यांनी हातानेच खुणावलं, शिकवणी चालू ठेवायची. शिष्य भैरव राग गायला बसला. त्याचा धैवताचा सूर चढा लागत होता, मलाही कळत होतं. यांनी हात आडवा करून थांबवलं. त्याने परत लावला, परत चढाच. हे बोटाने खाली, अजून खाली दाखवत राहिले. आजवर असं झालं की ते स्वतः लावून दाखवायचे आणि समोरचा तसा लावायचा. त्यांच्याकडे शिकवायची दुसरी रीत नव्हती. त्यांनी तोंड उघडलं. नळीतून कफ उडाला. शिष्याने घाबरून पुन्हा तसाच लावला.

यांनी त्याच्या पेटीचा भाता बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी नळी पुसली. शिष्य चपला घालून निघून गेला. त्यानंतर श्रावणात हे वारले, तोपर्यंत आमच्या घरात कोणी गायलं नाही.