तिठ्यावरचं लुगडं

फुकट मिळालेल्या वस्तूवर माझा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. सासूबाई म्हणायच्या, "हिला दुधात पाणी दिसतंयच, पर पाण्यातबी कुणीतरी काहीतरी मिसळल्यालं दिसतंय." अशा बाईनं गल्लीत सगळं फुकट वाटायचा घाट घालावा, हे नवलच. पण घातला, आणि त्याला कारण माझी नणंद.

लढाईचे दिवस होते. आम्ही वडगावचे विणकर. जन्मभर दुसऱ्यांसाठी लुगडी विणलेली माणसं, पण तेव्हा सुताला कंट्रोल, कापडाला कंट्रोल, निम्मे माग बंद. नणंद जांबोटीकडं दिलेली. तिचा नवरा हिवतापानं गेला आणि ती अंगावरच्या एका लुगड्यानिशी आमच्याकडं परत आली. तेच धुवायचं, अर्धं नेसायचं आणि अर्धं चुलीपुढं धरून वाळवायचं. थंडी पडली तशी तिला खोकला लागला. रात्रंदिवस खोकायची. माझ्या पेटीत माहेरचं एक साधं निळं लुगडं होतं, दोनदाच नेसलेलं. ते घेऊन मी तिच्यापुढं गेले.

"नको वैनी," ती म्हणाली. "तू आज देशील, आणि उद्या आडावर चार बायकांत सांगशील."

मला राग आला. लई राग आला, कारण ती खरं बोलत होती. आदल्याच महिन्यात तिच्या डोक्याला दिलेल्या वाटीभर तेलाची गोष्ट मी आडावर दोनदा सांगितली होती.

मग मी डोकं लढवलं. गल्लीतल्या बायकांना गोळा केलं आणि सांगितलं, "ज्येच्या घरात जे पडून हाय ते आणायचं. ज्येला जे पायजे ते उचलायचं. कुणाचं हाय इचारायचं न्हाय, कुणी नेलं बघायचं न्हाय." माझ्या मनात एवढंच होतं, की त्या ढिगातलं निळं लुगडं नणंदेनं आपल्या हातानं उचलावं. मग ते कुणी दिलं असं होणार नाही.

बायका माझ्याकडं बघत राहिल्या. "ह्यात तुझं काय गं?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "सरकारचा माणूस बघत आसंल, कुणाकडं किती जादा हाय. उद्या रेशन कापत्यात." आमचे मालक तर सरळ अंगणात जाऊन आभाळाकडं बघून आले. म्हणाले, "सूर्य पूर्वेलाच उगवलाय की." पण समोरच्या घरातल्या आक्का माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यामागं बाकीच्या आल्या.

दिवस ठरला संक्रांतीआधीच्या अवसेचा. अवसेला आमचे माग बंद असतात, सगळ्यांना सवड. जागा ठरली देवळामागच्या तिठ्यावरचा कट्टा, कारण तिन्ही गल्ल्यांना जवळ. मी सकाळपासून तिथं पहाऱ्याला. कुणी आणलेला तांब्या उलटा करून भोक बघायची, कुणाची चाळण उजेडाला धरायची. एकीनं लहान पोराची कुंची आणली, एकीनं पोळपाट. आक्कांनी आपल्या झाडाची टोपलीभर लिंबं आणली आणि वर एक नारळ ठेवला. मधोमध माझं लुगडं.

आणि कुणी हात लावेना! आणणाऱ्या बायका वस्तू ठेवून लांब सरकायच्या. येणारीजाणारी माणसं कट्ट्याला वळसा घालून जायची. एका आईनं पोराला बखोटीला धरून ओढलं आणि तिथंच थुंकायला लावलं. दुपार कलली तेव्हा आक्काच कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बया! आवस, तिठा, जुनेर, लिंबं, नारळ... उतारा मांडलाय की गं आपण!"

आजारी माणसावरून ओवाळून तिठ्यावर टाकलेलं जो उचलतो, त्याच्या मागं ती पीडा लागते, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही माहीत. दुसऱ्या कुणी असा पसारा मांडला असता, तर मीच पहिली बोंब मारली असती. तिन्हीसांजेला मी धुसफुसत सगळं गोळा करू लागले. तेवढ्यात देवळाच्या भिंतीआड कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. चोरच, दुसरं कोण? "कोण हाय गं तिकडं? चोर कुठली! व्हय पुढं!" मी ओरडले, तशी सावली पळाली.

आक्कांनीच तोड काढली. संक्रांतीला वाण लुटायचं असतंच की! तेच सामान देवळाच्या मंडपात मांडू, हळदीकुंकू करू, कोण नाही म्हणेल? आणि खरंच, त्या दिवशी बायका नुसत्या तुटून पडल्या. अवसेला ज्या तांब्याकडं बघून थुंकल्या होत्या, त्याच्यावरून दोघींची झोंबाझोंबी झाली. निळं लुगडं मी मांडीखाली दाबून बसले होते. एकीनं त्याचा पदर ओढला, तर मी "उंदरानं खाल्लंय त्ये" म्हणून दडपून खोटं सांगितलं. एका हातानं कुंकू लावत होते आणि डोळे दाराकडं. नणंद अजून कशी येत नाही?

कुंकवाचं बोट हवेतच राहिलं. ती कशी येईल? वाण सवाष्णीचं. जिच्यासाठी मी सगळी गल्ली उठवली, तिलाच दाराबाहेर ठेवून मी हुशारी मिरवत बसले होते. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

घरी गेले तर ती चुलीपुढं ओला पदर धरून बसलेली. मी लुगडं पुढं केलं. "वन्सं, चुकलं माझं. घ्या."

"चुकलं कशाचं? रीतच हाय ती," ती म्हणाली. खोकली. मग म्हणाली, "वैनी, उतारा हुता त्येच बरं हुतं. वाणाला सवाष्ण लागती. उताऱ्याला कोणबी चालतंय. मी आलते अवसेला, भिंतीआड हुबी हुते. तू चोर म्हणून वरडलीस." लुगड्याला तिनं हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी तिच्या देखत लुगडं पदराखाली घेतलं, दोन लिंबं घेतली आणि तिठ्यावर गेले. लुगड्याची घडी कट्ट्यावर ठेवली, वर लिंबं ठेवून त्यांना ठसठशीत हळदकुंकू फासलं. आता गल्लीतलं एक माणूस तिकडं फिरकायचं नाही. उतारा ठेवणाऱ्यानं मागं बघायचं नसतं. मी, जी दुकानदाराच्या तराजूवरून नजर हलवत नाही, ती जन्मात पहिल्यांदा मागं न बघता चालत घरी आले. नणंद घरात नव्हती. कुत्र्यानं ओढून नेलं तर? शेळीनं खाल्लं तर? पण मी उंबऱ्याबाहेर पाय ठेवला नाही.

सकाळी परसात दोरीवर तिचं जुनं लुगडं वाळत होतं, सगळंच्या सगळं, पसरून. ती निळं नेसून भाकरी थापत होती. आडावर मी अवाक्षर काढलं नाही.

दुपारी जेवायला बसले तर माझ्या ताटात लिंबाची फोड. सालीवर कुंकू होतं, नीट धुतलंही नव्हतं. मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती, मी काय करते ते.

मी फोड आमटीत पिळली आणि जेवले.