अकरा घरांचा नकाशा

झेरॉक्सच्या दुकानातल्या सांधेकाकांना गुडघेदुखी असावी, असा नव्या गिऱ्हाइकाचा हमखास समज व्हायचा. गुडघे ठणठणीत होते. दुकानातला स्कॅनर वहीएवढा आणि लोक आणायचे चादरीएवढे कागद. काका ते तुकड्यातुकड्यांनी स्कॅन करत, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर चार बोटं चढवून घेत आणि संगणकात सगळे सांधून एक चित्र करत. सव्वीस वर्षांत सांधा कुणाला दिसला नाही, हे काका स्वतःच सांगत, तेही न विचारता.

म्हणून वसाहतीचा एकुलता एक जुना नकाशा चेअरमननी त्यांच्याच हाती सोपवला. नळाची नवी लाइन यायची होती. नकाशाची प्रत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणीपुरवठ्याच्या कचेरीत द्यायची, आणि नकाशात नसलेल्या घराला पाणी नाही, असा तिथला खाक्या. अकरा घरं एका रांगेत, सगळी एकाच साच्यातली. काकांनी तासाभरात काम उरकलं आणि प्रत घरी आणली, खास बायकोला दाखवायला.

काकू शिवणकाम करत. त्यांनी मशीन थांबवून चष्मा चढवला आणि विचारलं, "आपलं घर कुठंय यात?"

"हे काय विचारणं झालं? मधोमध. इकडे पाच, तिकडे पाच."

"मग ठेवा की बोट."

काकांचं बोट रांगेवरून दोनदा फिरलं आणि अधांतरी राहिलं. घरं दहाच होती. दहांत मधलं कुठून यायचं! घरं हुबेहूब सारखी, त्यामुळे संगणकाने एकाचा सांधा भलत्याच घराशी जुळवला आणि मधलं घर गिळून टाकलं. काकांनी त्याचं खापर ताबडतोब संगणकावर फोडलं. काकू एवढंच म्हणाल्या, नाचता येईना, अंगण वाकडं. काकांना मनापासून लाज वाटली. स्वतःच्या घराचं पाणी त्यांनी स्वतःच तोडलं होतं, आणि फुशारकी मारत दाखवायलाही आणलं होतं.

काकूंनी गळ्यातली मापाची टेप काढून त्यांच्या हातात ठेवली. नकाशाच्या खालच्या कडेला ही चिमट्यांनी लावा, म्हणाल्या. घरं सारखी असतील, पण टेपवर एक आकडा दोनदा येत नाही.

सकाळी दुकान उघडताच काकांनी सगळे तुकडे नव्याने स्कॅन केले. यावेळी संगणकावर विसंबले नाहीत. प्रत्येक सांधा आकड्याला आकडा लावून स्वतः जुळवला, शेवटी चित्रातली टेपची पट्टी कापून टाकली आणि घरं चारदा मोजली.

कचेरीत चेअरमननी प्रत उजेडात धरली. काम फक्कड झालंय म्हणाले आणि सहज विचारलं, "तुमचं घर कोणतं हो?"

"हे सहावं," काका म्हणाले. "काल मी ते पुसून बसलो होतो. घर आमच्या हिने राखलं."