ट्रिपर पडायचा बंद झाला

मे महिन्यातल्या एका मंगळवारी, दुपारी पाऊणच्या सुमारास, माजरीजवळच्या एका गावात अठ्ठावीस वर्षांची विवाहिता घरातल्या कुलरमध्ये पाणी भरताना विजेच्या धक्क्याने मरण पावली. मी तिथला ठाणेदार होतो. आजही कुलरच्या पत्र्याला हात लावण्याआधी मी बटण दोनदा पाहतो, ते त्या दुपारमुळे.

दीड वाजता तिचा मोठा भाऊ ठाण्यात आला. शेजारच्या गावात तो शेतपंपांच्या मोटारी दुरुस्त करीत असे. "जावयानंच करंट सोडला, साहेब. मारत होता तो तिले," अशी फिर्याद त्याने दिली. नवऱ्याने दोनदा हात उचलल्याचे शेजाऱ्यांकडूनही कळले.

आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणात गर्दी होती. "त्याले आमच्या ताब्यात द्या," असे ओरडणे चालू होते. नवऱ्याला आधी जीपमध्ये बसवले. त्याने काठीने ढकलून बायकोला दूर केले होते. त्यानंतर भीतीने बटणाजवळ कोणी गेले नव्हते. कुलर फिरतच होता.

हवालदार बादली उचलायला वाकला. त्याची कॉलर धरून मी त्याला मागे ओढले.

सोबत आणलेल्या वीज कंपनीच्या लाइनमनने कुलरच्या पत्र्याला टेस्टर लावला. दिवा पेटला. कुलर खिडकीच्या लोखंडी जाळीला टेकलेला होता. जाळीला लावला, तिथेही पेटला. बाहेरून पाच-सहा जण त्याच जाळीपाशी तोंड आणून आत पाहत होते.

मेन स्विच बंद करून पंचनामा सुरू केला. जीपमध्ये नवऱ्याला विचारले.

"ट्रिपर सारखा पडे, साहेब. ती कटकट करे. मी म्हणलं, मिस्तरी आणू. मंग पडाचा बंद झाला. मले वाटलं, सुधरला."

"कोणी सुधरवला?"

"मले का मालूम? त्या दिवशी मी खदानीत ड्युटीवर होतो."

उत्तर शेजारच्या बाईने दिले. हळू आवाजात, फाटकाकडे पाहत. "रविवारी तिचा भाऊच आल्ता, साहेब. लाइटची पेटी उघडून बसला होता. हे चहा घेऊन उभी. मले म्हणे, माया दादाले सारं येते."

लाइनमनने पेटी उघडली. करंट गळू लागताच वीज तोडणारा ट्रिपर जागेवर होता, पण वायरचे दोन नवे तुकडे त्याला वगळून थेट जोडले होते. "पडत होता म्हणजे काम करत होता," लाइनमन म्हणाला. अर्थिंगच्या खड्ड्यात त्याने काडी खुपसली. माती कोरडी ठणठणीत होती. उन्हाळाभर कोणी पाणी टाकले नव्हते. पत्र्यात उतरलेल्या करंटला जमिनीत जायला नीट वाटच नव्हती.

फाटकाशी उभ्या भावाला मी पेटीसमोर बोलावले. त्याने वायरच्या नव्या तुकड्यांवर बोट ठेवले.

"उकाड्यानं तळमळून राह्यली होती ते. म्याच जोडलं."

निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा पुढे त्याच्यावर दाखल झाला. त्या क्षणी मात्र त्याने माझा हात धरला.

"साहेब, गाडी काढा. आमच्या गावात अजून चार घरी असंच जोडून देल्लं आहे."

जीपमधूनच फोन लावले. तीन घरी लोकांनी उचलला आणि मेन स्विच बंद केला. चौथ्या घरी नुसती रिंग वाजत राहिली. अंतर सहा किलोमीटर होते. भाऊ पुढच्या सीटवर बसून तोच नंबर पुन्हा पुन्हा लावत होता. मागे नवरा, हवालदार आणि लाइनमन बसले होते.

जीप थांबण्याआधीच त्याने उडी मारली. दारातून आतली बाई दिसत होती. अनवाणी, ओल्या फरशीवर, हातात भरलेली बादली.

"वैनी, हात नका लावू!"

ती वळून हसली. "काऊन बोंबलून राह्यला भाऊ? पाणीच त टाकून राह्यली."

लाइनमनने तिला बाजूला घेतले आणि पत्र्याला टेस्टर लावला. दिवा पेटला. चार वाजून दहा मिनिटांनी त्या घराचा मेन स्विच बंद करण्यात आला.