वहिनीच्या पेशींना ताकद

माझा दादा दुकानांत आणि ऑफिसांत आगीची घंटा बसवतो. छताला चिकटवायची पांढरी डबी, तिच्यात बॅटरी, धूर आला की ठणाणा. एवढंच काम, पण दादा ते अशा थाटात सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, गाव अजून जळालं नाही ते याच्याच कृपेने. माझ्या शिक्षणात त्याने नाक खुपसलं, मग लग्नात, मग घटस्फोटात, आणि दर वेळी नुकसान माझं झालं.

वहिनी पडदे शिवते. घरातल्याच मागच्या खोलीत लांब टेबल, मशीन आणि भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे. ती कमी बोलते. दादाशी संसार करायचा तर दुसरा इलाजही नाही, मधे फट सापडायला हवी ना!

पहिल्यांदा तिची बोटं धरू लागली. सकाळी कात्री उचलवेना. मग दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल चट्टा उठला, उन्हात गेलं की आणखी भडकायचा. दादाने निदान केलं, साबण बदल. साबण बदलला. मग म्हणाला, उशीची खोळ बदल. ताप अंगात मुरला, पाय सुजले, तेव्हा मीच तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं. दादा सोबत आला, कारण डॉक्टरांना शिकवायला कोणीतरी हवं होतं.

तपासण्या झाल्या आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं, ल्युपस. वहिनीला समजेल अशा बेताने त्या बोलल्या. "आपल्या पेशी रोज मरतात आणि त्यांचा कचरा उचलला जातो. तुमच्या शरीरात तो पडून राहतो, आणि पहाऱ्यावरच्या काही पेशी त्यालाच विषाणू समजतात. मग त्या इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडतात. शत्रू आला, असा तो निरोप असतो. तो मिळाला की बाकीच्या पेशी कामाला लागतात आणि तुमच्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडांवर हल्ला करतात. त्यात आणखी पेशी मरतात, आणखी कचरा होतो, आणखी निरोप जातात. गोळ्या हा गोंधळ शांत करतात. मूत्रपिंडाला झळ लागलीये, म्हणून एकही गोळी चुकवायची नाही."

"म्हणजे खोटा अलार्म," दादा म्हणाला.

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. इथेच त्यांचं चुकलं. आयुष्यात एकदा बरोबर ठरलेल्या माणसाला आवरणं फार कठीण असतं.

घरी येऊन दादाने खुर्ची ओढली. "डबी उगाच का ओरडते? बॅटरी उतरली की. लोक घाबरून डबीच काढून टाकतात, मूर्ख कुठले. नवी बॅटरी घाला, गप्प बसते. हिच्या पेशींची बॅटरी उतरलीये. आणि ती डॉक्टर ताकद द्यायचं सोडून पेशीच बंद पाडायला निघालीये."

"दादा, पेशी जास्त चेकाळल्यात असं त्या म्हणाल्या. अशक्त आहेत असं कुठे म्हणाल्या?"

"तुला काय कळतं अलार्ममधलं?"

"आणि तुला पेशींमधलं?"

तो हसला. मी लहान असताना हसायचा, तसाच. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

गोळ्यांनी दोन-तीन महिन्यांत वहिनीची बोटं मोकळी झाली, चट्टा फिका पडला. पण तोवर दादाने कुठूनतरी प्रतिकारशक्ती वाढवणारी हिरवी पावडर पैदा केली होती, आणि सगळं श्रेय त्या पावडरीने लाटलं. ती लाटू शकली, कारण तिच्या वतीने दादा बोलत होता. दिसेल त्याला तो डबा दाखवायचा. वहिनीच्या गोळ्यांचा कारभारही त्याने स्वतःकडे घेतला. मला वाटलं, चला, एवढं तरी करतोय. माझ्यासारखी बावळट मीच.

मग वहिनीचा चेहरा सुजला. लघवीला फेस येऊ लागला, जिना चढताना धाप लागू लागली. एका दुपारी पडद्याची पट्टी मापता मापता ती टेबलाशीच कोसळली. आम्ही तिला भरती केलं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "गोळ्या नीट चालू होत्या ना?"

दादा खिडकीबाहेर बघू लागला. वहिनी त्याच्याकडे बघत म्हणाली, "अहो, गोळ्या बंद करा असं डॉक्टरबाईंनीच सांगितलं ना? तुम्ही त्यांना फोन केला होतात."

फोन झालाच नव्हता.

"बाईंच्या मनात तेच होतं," दादा म्हणाला. "मी ओळखलं."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मूत्रपिंडांचं जे गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते वाचवू, एवढं त्या बोलल्या आणि सलाईनमधून द्यायची औषधं नर्सला सांगून निघून गेल्या. वहिनीने डोळे मिटले. ती झोपली नव्हती. मला दादाच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. काढायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू भेटायला आल्या. दादा पलंगाशीच बसला होता, ताजातवाना. "मी वेळेवर आणलं म्हणून निभावलं," त्यांना सांगत होता. "आणि मुळात अंगात ताकद होती. पावडर घेत होती ना ती." काकूंचे गुडघे दुखतात. कुठे मिळते ती, त्यांनी विचारलं. दादाने खिशातून मोबाईल काढला आणि त्यांना दुकानाचा पत्ता दाखवू लागला. सलाईन टोचलेला हात दोघांच्या मधे पडला होता.

"ताई," वहिनी मला म्हणाली, "इथून सुटले की मी तुमच्याकडे राहायला येते. माझं मशीन तेवढं आणून ठेवा."

"ठेवते," मी म्हटलं.

दादाने मोबाईलमधून मान वर केली. तो खरोखरच गोंधळला होता, नाटक नव्हतं ते. "तिकडे?" तो म्हणाला. "आणि तिकडे तुझ्या गोळ्यांचं कोण बघणार?"